पेन्सिलीतली ओळ

शाळेतून कागद आला.
मियारायनं तो चुलीजवळ धरून वाळवला.
आचाओच्या धक्क्यावरून आमच्या घरापर्यंत
कोरडा कागद पोचलाय, असं कधी झालेलं नाही.

"पालकांसाठी आहे," ती म्हणाली.
पालक म्हणजे मी. नोएमी रात्रपाळीला,
शिंपल्यांच्या कारखान्यात, कोपरापर्यंत गार पाण्यात.
"मग वाच," म्हणालो. "पालक ऐकतोय."

तिनं वाचलं :
रोज वीस मिनिटं मुलाजवळ बसा.
त्याला वाचू द्या.
चुकलं तर लगेच सांगू नका, थोडं थांबा.
घरात लिहायला काहीतरी असू द्या.
आणि वाचून झालं की
मुर्ताचा मुरंबा लावून दोन पाव द्या.

"हेही लिहिलंय?"
"हे बघ ना." तिनं बोट ठेवलं.
खरंच, तळाशी एक ओळ होती,
बाकीच्यांहून फिकट, जराशी वर चढत गेलेली,
भरतीला नाव चढते तशी.
सरकारी कागदात मुरंबा!
मला वाटलं, सरकार सुधारलं.

चुकलं तर सांगू नका,
हे मला फारच सोपं गेलं.
अक्षर कुठलं ते मला कळत नाही,
बोट कळतं.
पाण्यातला दोर खाली कुठं अडकला
की डोळ्याआधी हाताला समजतं, तसं.
तिचं बोट अडलं की मी उठतो,
चुलीत लाकूड सारतो, उगाच वेळ लावतो.
लाकूड धरेपर्यंत
शब्द आपणहून सुटलेला असतो.

लिहायला काय द्यावं?
भिंतीवर ठोकून उरलेल्या फळ्या होत्या, कोळसा होता.
आणि माझी हिशेबाची दोरी.
दहा टोपल्यांना एक गाठ. टोपली फुटली तर सैल गाठ.
मुकादमाशी वाजलं तर दुहेरी,
ती लवकर सुटत नाही.
मियाराय दोरी चाचपते आणि फळीवर उतरवते :
सोमवार चार गाठी.
मंगळवार तीन, आणि बाबा भांडला.

सकाळी नोएमी आली. बूटही न काढता विचारलं,
"का भांडलास?"
माझ्याआधी माझी बातमी
दाराशी उभी होती, भिंतीला टेकून.

मग एक दिवस बाई आल्या, सेन्योरा बार्रिया,
दुपारच्या बोटीनं, ओल्या शालीत.
मी म्हणालो, सगळं कागदाबरहुकूम चाललंय,
फक्त रोजचे दोन पाव म्हणजे बघा,
मुरंब्याचं काही शाळेकडून मिळालं तर.

बाईंनी चष्मा लावला.
तळापर्यंत वाचलं. पुन्हा तळापासून वाचलं.
मग हसल्या, इतक्या की शाल खुर्चीमागे पडली,
आणि हसता हसता एकदम थांबल्या.
"ही ओळ माझी नाही," म्हणाल्या.
"मार्चपासून वर्गात बसते ही.
फळ्यावरचं उतरवते. स्वतःचं वाक्य
एकही लिहिलं नव्हतं तिनं."

मियाराय टेबलाखाली गेली होती.
मी नोएमीकडे पाहिलं. तिला वाचता येतं.
तिनं तो कागद केव्हाच वाचला होता
आणि दुसरी बरणी आणून ठेवली होती, एवढंच.

"रागवू का तिला?" बाईंनी विचारलं.
नको, म्हणालो. एवढं लिहून मिळवलंय तिनं.

जाताना त्यांनी सही मागितली.
नावेच्या वहीत करतो तशी केली,
एक छोटी गाठ : गोल, आणि बाजूला शेपूट.
टेबलाखालून डोकं वर आलं.
"बाबा, हा तर आ आहे."
"गाठ आहे," म्हणालो.
"आ."
"गाठ."
वीस मिनिटं तरी गेली असतील.
बाईंची बोट चुकली.
मग पाव कापले, सगळ्यांसाठी.